‘वेदर कसंय गं तुमच्याकडे?’

माझ्या मोबाईलवर वर्षातून किमान वीस वेळा येणारा मेसेज कोणता, सांगू? ‘ए, पुढच्या वीकेण्डला रत्नागिरीला चाललोय. वेदर कसंय गं तुमच्याकडे?’

मी रत्नागिरीची. गेली अकरा वर्षं पुण्यात, आयटीत. रत्नागिरीचं असण्याचे तोटे दोन. मे महिन्यात प्रत्येकाला हापूसची पेटी ‘घरच्या भावात’ हवी असते आणि उरलेले अकरा महिने प्रत्येकाला फुकटची वेधशाळा हवी असते. पूर्वी मी ‘मस्त आहे, जा बिनधास्त’ असं ठोकून द्यायचे. आता देत नाही. उलट विचारते, ‘कशासाठी जाताय?’ कारण रत्नागिरीची हवा प्रत्येकासाठी एकाच वेळी मस्त नसते, हे मला एका नागपूरकरामुळे कळलं. तो आमच्या टीममधला. नाव छापलं तर ऑफिसात माझी खैर नाही, त्यामुळे इथेही तो नागपूरकरच. त्याच्या तीन रत्नागिरी वाऱ्यांत अख्ख्या वर्षाचा हिशेब लागतो.

पहिली वारी : मे

‘आमच्याकडे पंचेचाळीस-सेहेचाळीस जातं. तुझ्या तेहेतीसचं काय कौतुक सांगतेस?’ ही त्याची एण्ट्री. सकाळच्या गाडीने उतरला, घावणे हाणले, आणि अकराच्या सुमारास त्याचा शर्ट अंगाला असा चिकटला, की जणू कोणी बादली ओतलीय. बिचाऱ्याने बाबांना विचारलं, ‘काका, कूलर नाही का?’ बाबा झोपाळ्यावरून म्हणाले, ‘कूलर कशाला? हवेत पाणी कमी आहे काय?’

विनोद नव्हता तो, सायन्स होतं. कूलर चालतो तो पाण्याची वाफ करून. नागपूरच्या कोरड्या हवेत वाफ झटकन होते आणि वारा गार होतो. रत्नागिरीची हवा आधीच समुद्राच्या वाफेने भरलेली, त्यामुळे कूलरची डाळ शिजत नाही. घामाचंही तेच. तो वाळतच नाही, नुसता वाहतो. म्हणून तेहेतीस डिग्रीतही माणूस हैराण होतो. खरं तर इथला थर्मामीटर फार आळशी आहे. दुपारचं सरासरी तापमान जानेवारीत एकतीसच्या आसपास, मेमध्ये तेहेतीसच्या आसपास, जुलैत एकोणतीसच्या आसपास. वर्षभरात चार-पाच डिग्रींचा काय तो फरक. त्यामुळे मोबाईलवरचा तापमानाचा आकडा बघून इथली ट्रिप ठरवू नका. बाजूला दमटपणाचा टक्का दिलेला असतो, तो बघा.

आणखी एक गंमत. कोकणातले सगळ्यात तापलेले दिवस पुष्कळदा मेमध्ये नसतात, मार्चमध्ये असतात. एरवी दुपारच्या आत समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि जीव वाचवतो. मार्चमध्ये कधीकधी जमिनीकडचा, पूर्वेचा वारा जोर धरून बसतो, खाऱ्या वाऱ्याला आत येऊ देत नाही, आणि मग पारा भलताच चढतो. तेव्हा ‘शिमग्याला पालखी नाचवायला येतो’ म्हणणाऱ्यांनी जरूर यावं, पण टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन.

मेमधला दिवस लोकल लोक कसा काढतात ते बघा आणि डोळे मिटून कॉपी करा. सकाळी दहाच्या आत फिरून घ्यायचं. थिबा पॅलेस, टिळकांचं जन्मस्थान, रत्नदुर्गावरचं भगवती मंदिर, जे काय असेल ते. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथेच वारला. एवढ्या वर्षांत त्याला इथला मे सोसला, तर तुम्हाला दोन दिवस सोसायला हरकत नाही! दुपारी जेवून पंख्याखाली आडवं व्हायचं. पाचनंतर मांडवी नाहीतर भाट्याचा किनारा. जीन्स घरी ठेवा, सुती कपडे घ्या. कोल्ड्रिंकऐवजी पन्हं आणि कोकम सरबत. आणि आंघोळीला शॉवर खुशाल वापरा, पण जपून. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांना टँकरने पाणी द्यावं लागतं. जांभ्या दगडाला पाणी धरून ठेवता येत नाही. पडतं तसं झिरपतं, उतारावरून धावतं आणि समुद्राला मिळतं.

मग मेमध्ये यायचं कशाला? अहो, आंब्यासाठी! एप्रिलच्या मध्यापासून पुढे झाडाखाली उभं राहून खाल्लेल्या हापूसची चव पुण्याच्या पेटीला येत नाही. (२०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या आजीला त्याआधीच माहीत होतं.) फक्त ‘मेच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ, भाव उतरतील’ हा जुना फंडा जरा सांभाळून वापरा. २०२५ साली मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी थेट मुंबईत दाखल झाला होता. मधल्या कोकणात आंबा झाडावर आणि पर्यटक बीचवर, दोघंही भिजले.

नागपूरकर दोन दिवसांत तेवीस आंबे खाऊन परतला. जाताना म्हणाला, ‘आता पावसाळ्यात येतो.’

दुसरी वारी : जुलै

पावसाळ्यातलं कोकण म्हणजे डेस्कटॉपवरचा वॉलपेपर, हे एकदम मान्य. भाताची लावणी चाललेली, कौलांवरून पागोळ्या गळतायत, निवळीचा धबधबा हायवेवरूनच दिसतोय. पण आधी गणित बघा. रत्नागिरीत एकट्या जुलैमध्ये साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यात अख्ख्या वर्षात सातशेच्या आसपास पडतो. म्हणजे आमचा एक महिना तुमच्या वर्षाला भारी. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि सगळं पाणी अलीकडेच ओतून मोकळे होतात. घाटापलीकडे पुण्याला उरतं ते उरलंसुरलं. तुम्ही ज्याला ‘मुसळधार’ म्हणता, त्याला आमच्याकडे ‘जरा भुरभुरतंय’ म्हणतात.

म्हणून पावसाळी ट्रिपचे काही नियम. कोकण रेल्वेचं पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक असतं आणि गाड्या मुद्दाम हळू चालवतात. त्यावर कुरकुर करू नका. २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली करंजाडीजवळ रुळांवर दरडी आल्याने काय झालं, ते कोकणी माणूस विसरलेला नाही. रस्त्याने येणार असाल तर आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट रात्री उतरू नका. हवामान खात्याचा रंग बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल असेल तर चक्क ट्रिप कॅन्सल. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पावसाला ‘अत्यंत मुसळधार’ म्हणतात, आणि चिपळूणकरांनी २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी घरांच्या वरच्या मजल्यांकडे चढताना पाहिलंय. हॉटेल बुकिंगचे पैसे बुडाले तर बुडू देत.

आणि हो, सुरमई मागू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, माश्यांच्या विणीचा काळ म्हणून आणि खवळलेल्या दर्यासाठीही. मिरकरवाड्याच्या होड्या तेव्हा विश्रांती घेतात. त्या दिवसांत ताजी सुरमई मिळालीच, तर ती कुठल्या फ्रीजमधून आली ते विचारायची हिंमत ठेवा. त्यापेक्षा टाकळ्याची भाजी, कुळथाचं पिठलं, सुकटीची चटणी आणि गरम भात. बाहेर पाऊस आणि ताटात हे. जाम सुख!

हे सगळं मी नागपूरकराला आणि गँगला सांगितलं होतं. एक गोष्ट सांगायची राहिली.

आम्ही सहा जण आरे-वारेला उतरलो. वरून रस्ता, खाली दोन किनारे, वर ढग. कोणाला तरी मोह होणारच. ‘फक्त पाय भिजवतो,’ म्हणत नागपूरकर उतरला. घोटा, गुडघा, मांडी. एक लाट आली, फुटली, परत गेली, आणि जाताना त्याच्या पायाखालची वाळू घेऊन गेली. तो पडला. उठेपर्यंत पुढची लाट. पुढच्या क्षणी मला त्याचं फक्त डोकं दिसत होतं, आणि ते जिथे असायला हवं होतं त्याच्या बरंच पलीकडे. आम्ही ओरडत होतो, पण पावसात आमचं आम्हालाच ऐकू येत नव्हतं. किनाऱ्यावर गुरं घेऊन आलेल्या एका काकांनी काठी टाकली, डोक्यावरची घोंगडी भिरकावली आणि हाताने खूण करत राहिले, ‘आडवा ये! इकडे नको, आडवा!’ नागपूरकराने ती खूण पाहिली, एवढंच त्याचं नशीब. किनाऱ्याकडे तोंड करून झगडणं सोडून तो बाजूला हात मारत गेला, आणि पंधरा-वीस पावलांवर एका लाटेने त्याला आणून टाकलं. काकांनी दंडाला धरून ओढलं. त्याच्या गुडघ्यातून रक्त येत होतं आणि तो हसत होता. हसू थांबल्यावर थरथरायला लागला.

किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. जिथे वाट सापडते तिथून ते जोरात आत ओढत नेतं. गंमत अशी, की नेमकी तिथे लाट फुटत नाही, त्यामुळे ती जागा शांत दिसते आणि नवखा माणूस तिथेच उतरतो. सरळ किनाऱ्याकडे पोहलात तर दमून बुडाल. किनाऱ्याला समांतर गेलात तर ओढीच्या बाहेर पडाल. शाळेत आम्हाला हे कोणी शिकवलं नाही, घरी शिकवलं. आणि मी ते पाहुण्यांना सांगायला विसरले होते.

रात्री घरी बाबांनी त्याला शिव्या घातल्या नाहीत. गुडघ्याला हळद लावली आणि विचारलं, ‘आज तिथी कोणती?’ त्याला काय माहीत! बाबांनीच सांगितलं, ‘तृतीया. तिथीची पाऊणपट करायची. तीनाची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनाला पूर्ण भरती. तुम्ही उतरलात किती वाजता? एक वाजता. म्हणजे चढत्या पाण्यात, अमावास्येनंतरच्या मोठ्या उधाणात.’ मग माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, ‘तुला ठाऊक होतं गो.’

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. जून ते सप्टेंबर समुद्र लांबून बघायचा. एरवीही गणपतीपुळ्याला बोर्ड लावलाय तिथे पाण्यात उतरायचं नाही. दर वर्षी पेपरात जे फोटो येतात, त्यांतल्या बहुतेकांनी ‘फक्त पाय’च भिजवायचे ठरवलेलं असतं.

मधले दिवस

पाऊस ओसरताना, ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर, कातळाच्या सड्यांवर बारीक रानफुलांचे गालिचे पसरतात. याच सड्यांवर ती प्रसिद्ध कातळशिल्पं आहेत. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणच्या कातळशिल्पांचा समावेश झाला. उक्षीचं हत्तीचं चित्र बघायला शहरापासून फार लांब जावं लागत नाही. मात्र हाच गणपतीचा सीझन. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं आणि चाकरमानी पहिल्या काही मिनिटांत ते संपवतात. तेव्हा चतुर्थीचा आठवडा सोडून या.

ऑक्टोबरला पाऊस जातो पण दमटपणा मागे ठेवून जातो. वर लख्ख ऊन, खाली ओली जमीन, मध्ये आपण. इडलीपात्रात बसल्यासारखं वाटतं. हा महिना मी कोणालाच सुचवत नाही. आणि चक्रीवादळांचाही विचार करायचा तो मान्सूनच्या अलीकडे-पलीकडे. ‘फयान’ आलं ते ११ नोव्हेंबर २००९ रोजी. ‘निसर्ग’ आलं ३ जून २०२० रोजी, तेव्हा ‘बसरा स्टार’ नावाचं अख्खं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन लागलं होतं. पुढच्याच वर्षी मेमध्ये ‘तौक्ते’. त्यामुळे मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघायच्या आदल्या दिवशी बातम्या बघायला विसरू नका.

तिसरी वारी : जानेवारी

आणि मग येते थंडी. आमच्या थंडीला तुम्ही हसाल. पहाटे सतरा-अठरा डिग्री झाली की आमच्याकडे कानटोप्या निघतात. पण नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतची रत्नागिरी म्हणजे सॉलिड पॅकेज. आभाळ निळं, समुद्र शांत, मासळी ताजी, रस्ते कोरडे. दुपारीही फिरता येतं. फेब्रुवारीनंतर येणार असाल, तर वाट वाकडी करून मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघता येतात.

मी गँगला म्हटलं, जुलैचं पाप धुवून काढू, जानेवारीत चला. शुक्रवारी पोचलो, शनिवारी धमाल केली. संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर असताना आभाळ भरून आलं. ऊन गेलं, वारा पडला, सगळं करडं झालं. ‘काय रोमॅण्टिक वेदर आहे यार! एकदम लंडन!’ कोणीतरी म्हणालं. सुरूच्या बनापुढे आमचा ग्रुप फोटो निघाला. त्यात मी सगळ्यात पुढे आहे, दात काढून हसतेय.

घरी आलो तर बाबा अंगणात उभे. वर बघत. जेवायला बोलावलं तरी आले नाहीत.

पावस रस्त्याला आमची दीडशे कलमं आहेत. हापूस मोहरतो तो थंडी पडल्यावर. मोहर ते तयार फळ, या प्रवासाला साडेतीन-चार महिने लागतात. त्या काळात त्याला हवी असते गार रात्र, कोरडी हवा आणि मोकळं आभाळ. ढग आले आणि हवा दमट झाली की तुडतुडे वाढतात. ते मोहरातला रस शोषतात, चिकट पाणी टाकतात, त्यावर काळी बुरशी चढते. भुरी येते, पाऊस झाला तर करपा येतो. दोन दिवसांत सोनेरी मोहर काळा पडतो. थंडी फार लांबली तरी पंचाईत. झाड पुन्हा मोहरतं आणि आधी धरलेली बारीक फळं गळून पडतात. म्हणजे बाबांची वर्षाची कमाई या दीड-दोन महिन्यांतल्या आभाळावर टांगलेली असते. आणि मी, त्यांच्या घरची मुलगी, बीचवर उभी राहून त्याच आभाळाला ‘रोमॅण्टिक’ म्हणणाऱ्यांत हसत होते.

पहाटे बुरबुर पाऊस झाला. उजाडताच बाबा फवारणीचा पंप घेऊन बागेत निघाले. औषध महाग, माणूस वेळेवर मिळत नाही, आणि पाऊस पुन्हा आला तर फवारलेलं धुवून जातं. मी चहा घेऊन मागोमाग गेले, तर नागपूरकर तिथे आधीच होता. पाइप ओढत होता. काटोलला त्याच्या मामाची संत्र्याची बाग आहे. एका रात्रीच्या गारपिटीनंतर झाडाखाली पडलेला संत्र्यांचा सडा त्याने लहानपणी पाहिलेला. ‘काल मला फोटोत हसायला नको होतं,’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘तुला माहीत नव्हतं. मला होतं.’ बाबांचंच वाक्य, सहा महिन्यांनी माझ्या तोंडी.

त्या वर्षी पेट्या निम्म्यासुद्धा भरल्या नाहीत. घराची कौलं बदलायचं बाबांनी पुढच्या वर्षावर ढकललं. विषय संपला. आमच्याकडे अशा गोष्टींवर कोणी जास्त बोलत नाही.

तेव्हापासून डिसेंबर-जानेवारीत रोज संध्याकाळी बाबांचा फोन येतो. ‘तुझ्या त्या मोबाईलवर बघ गो, दोन दिवसांत ढग दाखवतात काय?’ एकीकडे सगळी दुनिया मला रत्नागिरीचं वेदर विचारते आणि दुसरीकडे रत्नागिरी मला विचारते! मी मीटिंगमधून उठून उपग्रहाची चित्रं बघते. बघून होत काही नाही. पण फवारणी आज करायची की उद्या, एवढं तरी ठरतं.

तर मंडळी, कधी यायचं? आंबा खायचाय, तर मे, घाम गृहीत धरून. पाऊस बघायचाय, तर जुलै-ऑगस्ट, समुद्रापासून चार हात लांब. फुलं आणि कातळशिल्पं, तर सप्टेंबर. पहिल्यांदाच येताय, पोरंबाळं किंवा आई-बाबा बरोबर आहेत, तर डिसेंबर ते फेब्रुवारी, डोळे मिटून. आणि त्यातही एखाद्या संध्याकाळी आभाळ भरून आलं, तर फोटो जरूर काढा. फक्त ज्यांच्या घरी उतरलात त्यांच्यासमोर ‘मस्त वेदर’ म्हणण्याआधी एकदा त्यांच्या तोंडाकडे बघा.

या जानेवारीत पुण्यातही दोन दिवस मळभ होतं. अख्खा फ्लोअर कॉफीचे मग घेऊन खिडकीशी. मी डेस्कवरच होते. मोबाईल वाजला. नागपूरकराने आता कंपनी बदललीय, तो बंगलोरला असतो. त्याचा मेसेज होता.

‘वेदर कसंय गं तुमच्याकडे? बाबांच्या बागेवर ढग नाहीत ना?’